घूस घेणार नाही

मानेवाड्याच्या पुढे, जिथे संपतो डांबरी रस्ता,
तिथे घेतला प्लॉट, कारण होता जरा सस्ता.
  माती काळी, भुसभुशीत,
  विकणारा हसला खुशीत;
का हसला ते कळलं, जेव्हा खाल्ल्या पुढे खस्ता.

पाटबंधारे खात्यामध्ये तीस वर्षं कारकुनी,
हात ठेवले कोरे, जसे धोब्याने दिले धुऊनी.
  फाइल सरो, फाइल अडो,
  म्हटलं, घूस दूरच पडो;
आता रोज तीच बघते कूलरखालून डोकावुनी!

कूलरच्या त्या स्टँडखाली खड्डा दिसला पहिला,
मेच्या सेहेचाळीस डिग्रीत तोच थंडगार राहिला.
  वरती आम्ही उकडून शिजतो,
  खाली तिचा महाल भिजतो;
कुंदा म्हणते, "पाण्यातलं कळतं कुणाला? तुम्हाला, का त्या महिला?"

शेजारचे निनावे म्हणजे उपायांची खाण,
"फसते कशी नाई, पाहा!" पिंजऱ्यात भजी छान.
  रात्रभर खडखड झाली,
  सकाळी गंमत कळून आली:
भजी गायब, आत रडतंय निनाव्यांचंच श्वान.

(‘ण’ला ‘न’ जोडला म्हणून कोणी भांडू नये;
इकडे ‘पानी’च पेतात, बाप्पा, नाक मुरडू नये.)

झोन ऑफिसात अर्ज दिला मी: "विषय – घुशीचा त्रास.
वास्तव्य तिचं खोलवर, अन् पिल्लं आहेत खास.
  वरपर्यंत बिळं गेली,
  भिंत आतून पोकळ केली…"
वाचता वाचता साहेबाच्या घशात अडकला घास.

"बसा काका," म्हणत त्याने पंखा माझ्याकडे वळवला,
शिपाई धाडून तर्रीपोहा कोपऱ्यावरून मागवला.
  "नाव नको हो कोणाचं,
  काम सांगा ना मनाचं!"
म्हटलं, "बिळं बुजवा." त्याने कपाळी रुमाल फिरवला.

आठ दिवसांत, राजेहो, काय सांगू तुम्हाला,
डांबर घेऊन ट्रक आला, दिवे लागले खांबाला!
  अकरा वर्षं अडलेली नाली
  एका दुपारी बांधून झाली;
घूस बसून बघत होती, खातं लागलेलं कामाला.

इथे यमक सुटतं. सुटू दे.
एका रात्री लाइट गेली, आणि अंधारात
कूलरचा नळ बंद करायचा राहिला.
टाकी भरली, सांडली, बिळात पाणी.
ती एकेक पिल्लू तोंडात धरून बाहेर येत होती,
ठेवत होती, परत आत जात होती.
चार झाली. पाचव्याला वेळ लागला.
मी पाटबंधाऱ्याचा माणूस; तीस वर्षं
पाणी फक्त कागदावर वळवलं.
उकिडवा बसलो, खुरपं घेतलं
आणि कढीपत्त्याच्या झाडाकडे
वीतभर रुंदीचा एक पाट काढला.
आयुष्यातला पहिला.
पाण्याने ऐकलं.
कुंदाने टॉर्च धरला होता. बोलली काही नाही.

सकाळी पायरीवरती दिसला कांदा एक लाल,
निनाव्यांच्या पोत्यामधला, अर्धी कुरतडलेली साल.
  कुंदा म्हणे, "ठेवणार का?"
  म्हटलं, "परत नेणार का?"
तीस वर्षांचा नेम मोडून कुंडीत लावला काल.

आज नवा रस्ता खचला निनाव्यांच्या फाटकाशी,
साहेब आले पाहायला, उभा राहिलो त्यांच्यापाशी.
  "कशाने झालं?" हळूच पुसती.
  मी म्हणालो, "घूसच नुसती."
मान हलवून निघून गेले, रुमाल धरून कपाळाशी.